अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राचा शोध

२०११ च्या मार्चमध्ये माझदा कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे ५२ हजार गाड्या एका कोळ्यापायी परत बोलावल्या. २००९ आणि २०१० सालच्या ‘माझदा ६’च्या पेट्रोल टाकीपर्यंत बाहेरची हवा नेणाऱ्या बारीक नळीत पिवळसर रंगाचा एक कोळी शिरून जाळे विणत होता. जाळ्याने नळी तुंबली की टाकीत हवा येईना, इंजिन मात्र तिच्यातली वाफ ओढतच राही. टाकी आतल्या आत आक्रसून तिला तडा जाण्याची आणि पेट्रोल गळण्याची भीती होती. कंपनीने नळीत स्प्रिंग बसवून कोळ्याची वाट अडवली. तरीही २०१४ मध्ये याच कारणासाठी आणखी सुमारे ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या.

ही हकीकत गंमत म्हणून सांगितली जाते. पण ईव्हॅप, म्हणजे गाडीतली पेट्रोलची वाफ आवरणारी यंत्रणा, समजून घ्यायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. पेट्रोलची टाकी म्हणजे बूच मारलेली बाटली नव्हे. ती श्वास घेते. ऊन चढले की आतली वाफ फुगते, रात्री गारवा आला की आक्रसते. पेट्रोल जळत जाते तशी तेवढी हवा आत यावी लागते. हा श्वास कोळशाच्या गाळणीतूनच व्हावा, दुसरीकडून कुठूनही होऊ नये, एवढीच या यंत्रणेची अट. ती पाळली जाते की नाही हे कसे ओळखायचे, यावर गेली तीस वर्षे नियामक, कारखानदार आणि गॅरेजवाले यांची मते जुळलेली नाहीत. तो वाद आज कुठे येऊन ठेपला आहे, याचा हा आढावा.

अननसाच्या वासापासून

कॅलटेकमधले जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे अननसाचा वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा शोध घेत होते. वाफ गोठवून तिचे घटक वेगळे करण्याची तीच पद्धत त्यांनी लॉस एंजेलिसच्या हवेला लावली. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले की शहरावर साचणारे, डोळे चुरचुरवणारे धुरके चिमण्यांच्या धुराचे नाही. हायड्रोकार्बनच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ते हवेतच तयार होते आणि त्यातून ओझोन निपजतो.

या शोधाने न जळलेल्या पेट्रोललाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्या काळच्या गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा टाकी आणि कार्बोरेटर यांच्या उघड्या तोंडांतून जाई, तोही गाडी अंगणात नुसती उभी असताना. त्यावर तोडगा निघाला तो कोळशाचा. १९७० सालच्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत टाकीची वाफ सक्रिय कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये, सोडली जाऊ लागली. कोळशाच्या दाण्यांना वाफ चिकटून राहते. इंजिन सुरू झाले की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, दुसऱ्या टोकाच्या व्हेंटमधून ताजी हवा आत येते आणि साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. वाफ वाया जात नाही आणि हवाही बिघडत नाही. मोटारीच्या प्रदूषणावर निघालेल्या उपायांत इतका साधा आणि इतका टिकाऊ दुसरा क्वचितच सापडेल.

नव्या गाडीची परीक्षा घेण्यासाठी ‘शेड’ नावाची हवाबंद खोली आली. गाडी आत उभी करायची, तापमान ठरल्याप्रमाणे चढवायचे-उतरवायचे आणि खोलीतल्या हवेत किती ग्रॅम हायड्रोकार्बन जमला ते मोजायचे. पुण्यात एआरएआय या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत वाहनांना मान्यता देण्याआधी ज्या चाचण्या होतात, त्यांतही ही एक असते.

कायद्याने केलेली छिद्राची व्याख्या

शेडमध्ये जाते ती कोरी गाडी. दहा वर्षे खड्ड्यांतून फिरलेल्या, रबराच्या नळ्या तडकलेल्या, झाकणाचे वॉशर कडक झालेल्या गाडीचे काय? प्रत्येक गाडी हवाबंद खोलीत नेणे शक्य नव्हते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या वायू संसाधन मंडळाने ही जबाबदारी गाडीतल्याच संगणकावर टाकली. ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी स्वतः करणारी व्यवस्था १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व गाड्यांना बंधनकारक झाली. वाफेच्या यंत्रणेत ०.०४० इंचाएवढे, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र असेल तर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे, असा नियम झाला. २००० सालच्या गाड्यांपासून ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ०.०२० इंचांवर आली. अर्धा मिलिमीटर म्हणजे शाळकरी मुलांच्या पेन-पेन्सिलीतल्या ०.५ च्या लेडची जाडी.

येथे एक अदलाबदल झाली आणि पुढचे सगळे मतभेद तिच्यातून उगवले. काळजी होती वाफेची. पण धावत्या गाडीत निसटलेली वाफ मोजता येत नाही, म्हणून नियमाने छिद्र शोधायला सांगितले.

टाकीचा श्वास मोजण्याच्या तऱ्हा

छिद्र शोधायचे म्हणजे यंत्रणा बंद करून तिच्यात थोडा कमी-जास्त दाब निर्माण करायचा आणि तो टिकतो का ते पाहायचे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणाऱ्यालाही हे कळते. अडचण अशी की या ट्यूबमध्ये हवेऐवजी पेट्रोल आहे आणि ते सतत वाफ सोडते आहे.

सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांनी इंजिनचाच उपयोग केला. व्हेंट बंद, पर्ज उघडा. इंजिन टाकीत पाण्याच्या सात-दहा इंचांएवढी पोकळी निर्माण करते. ही फार थोडी पोकळी आहे, वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अडीच टक्के. मग पर्जही बंद करून पोकळी किती वेगाने भरते ते पाहायचे. ती भरली तर हवा छिद्रातून आत आली असेल, किंवा आतले पेट्रोल उकाड्याने वाफाळले असेल. सेन्सरला दोन्ही सारखेच दिसते. हा घोटाळा टाळण्यासाठी अभियंत्यांनी अटी घातल्या. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. अनेक गाड्यांत टाकी १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान भरलेली आणि बाहेरचे तापमान साधारण ४ ते ३० अंश सेल्सिअस हवे. समुद्रसपाटीपासून फार उंचीवरही ही चाचणी चालत नाही.

दुसरी तऱ्हा स्वतंत्र पंपाची. बॉशने बनवलेल्या आणि बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत बसणाऱ्या यंत्रणेत छोटा विजेचा पंप आधी नेमक्या अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून हवा ढकलतो. त्या वेळी मोटर किती वीज ओढते याची नोंद होते. मग तोच पंप टाकीकडे वळवला जातो. मोटरला तितका जोर लावावा लागला नाही तर टाकीत कुठेतरी त्याहून मोठी वाट आहे. तुलनेचे माप गाडीच्याच पोटात ठेवण्याची ही कल्पना सुंदर आहे, कारण पंप म्हातारा झाला तरी माप खोटे ठरत नाही. टोयोटाने असाच पंप उलट, म्हणजे पोकळी निर्माण करण्यासाठी वापरला आणि वेळ निवडली ती गाडी बंद केल्यानंतर पाच तासांची. इंजिन तोवर पुरेसे निवले नसेल तर सात तासांनी, तरीही नसेल तर साडेनऊ तासांनी पुन्हा प्रयत्न होतो. रात्री दोन वाजता अंगणातल्या बंद गाडीतून घुर्र आवाज आला म्हणून तिचे मालक दचकतात, तो आवाज याच पंपाचा.

तिसऱ्या तऱ्हेला पंपही लागत नाही आणि इंजिनही. गाडी थांबली की टाकी निवू लागते. बंद भांड्यातली हवा एक अंशाने निवली तर तिचा दाब सुमारे तीनशेव्या हिश्शाने, म्हणजे पाण्याच्या एका इंचाहून थोडा जास्त उतरतो. टाकीत वाफही असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. भोक नसेल तर ही नैसर्गिक पोकळी आपोआप साचते. असेल तर साचत नाही. क्रायस्लरने एवढ्या दाबाने मिटणारे एक साधे बटण वापरले. जनरल मोटर्स आणि फोर्डने दाबाच्या सेन्सरवरून गणित मांडले. खर्च सर्वात कमी, पण सगळे भवतालच्या तापमानावर अवलंबून. तापलेल्या डांबरावर उभी राहिलेली गाडी निवत नाही, आणि मग चाचणी निकालाविनाच संपते.

या तिन्ही तऱ्हांत पंपाची तऱ्हा अधिक खात्रीची आहे. तरी ती सगळ्यांनी का स्वीकारली नाही, याचे उत्तर किमतीत आहे.

गॅरेजमधला धूर

संगणकाचा कोड छिद्र किती मोठे हे सांगतो, कुठे आहे हे सांगत नाही. पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, पी ०४४२ म्हणजे छोटी, पी ०४५६ म्हणजे अगदी बारीक. टाकी, झाकण, गळ्याची नळी, इंधनपंपाच्या माथ्यावरचे सील, कॅनिस्टर, दोन व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडणाऱ्या मीटरभर लांबीच्या नळ्या, यांपैकी कुठेही ते असू शकते.

बहुतेक जण झाकणापासून सुरुवात करतात आणि ते बरोबरही आहे. ते घट्ट बसलेले नसणे हे इतके नेहमीचे कारण आहे की त्यासाठी पी ०४५७ हा वेगळा कोड राखून ठेवला आहे. वाद सुरू होतो तो त्यानंतर. झाकण बदलून कोड पुसला आणि दिवा पुन्हा लागला, मग पर्ज व्हॉल्व्ह बदलला, मग व्हेंट, मग कॅनिस्टर, अशी भाग बदलत जाण्याची रीत जगभरच्या गॅरेजांत आहे आणि ग्राहकाला ती फार महाग पडते. अनुभवी मेकॅनिक तिला विरोध करतात. त्यांचा भरवसा असतो स्मोक मशीनवर. खनिज तेल तापवून केलेला दाट पांढरा धूर पर्जच्या नळीतून आत सोडायचा आणि तो कुठून डोकावतो ते टॉर्च घेऊन पाहायचे. दाब पाण्याच्या तेरा-चौदा इंचांपलीकडे, म्हणजे अर्ध्या पीएसआयपलीकडे नेऊ नये असा दंडक आहे. जास्त दाबाने धड असलेले सीलही फुटते.

धूर ढकलायला साधी हवा वापरावी की नायट्रोजन, यावर मात्र एकमत नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के झाली की ठिणगीने पेट घेते. रिकामी होत आलेल्या टाकीत बाहेरून हवा भरणे म्हणजे त्या पट्ट्याकडे ढकलणे, असे नायट्रोजनवाल्यांचे म्हणणे. हवा वापरणारे म्हणतात की एवढ्या कमी दाबाने आणि ठिणगी न देणाऱ्या यंत्राने वर्षानुवर्षे काम होत आले आहे, आणि प्रत्येक छोट्या गॅरेजला नायट्रोजनचे सिलिंडर परवडत नाही. दोन्ही बाजूंनी अनुभव आहे. पण चूक झाली तर काय गमवावे लागेल हे पाहता नायट्रोजनचा आग्रह अधिक जबाबदार वाटतो.

धुरालाही मर्यादा आहेत. पर्ज व्हॉल्व्ह आतून गळत असेल तर धूर निमूटपणे इंजिनात शिरतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. अशा वेळी नळीला चिमटा लावून एकेक भाग वेगळा करावा लागतो, किंवा स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघड-बंद करून प्रवाहमापीवर नजर ठेवावी लागते. पेट्रोल भरून झाल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, ही तक्रार त्या बिघाडाची जुनी खूण आहे. सगळ्यात छळवाद करतात त्या थंडीत उघडणाऱ्या आणि उन्हात मिटणाऱ्या भेगा. गॅरेजच्या उबेत धूर कुठूनच येत नाही आणि पहाटे दिवा पुन्हा पेटतो.

छिद्र की वाफ?

मूळ वाद असा की छिद्राचा आकार हे निसटणाऱ्या वाफेचे खरे माप आहे का. नियामकांची बाजू भक्कम आहे. मोजक्याच गळक्या गाड्या एकूण वाफेतला मोठा वाटा उचलतात असे क्षेत्रीय अभ्यासांतून दिसले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कोलोराडोतल्या डेन्व्हर परिसरात, २००८ नंतरच्या काही वर्षांत, तपासणी केंद्रांवर आलेल्या गाड्यांमधून संशयित हेरून त्यांना वाहून नेता येईल अशा शेडमध्ये घालून पाहिले. २०१४ मध्ये मंजूर झालेल्या टियर-३ नियमांनी ०.०२० इंचाची मर्यादा दिव्यापुरती न ठेवता वापरातल्या गाडीसाठी गळतीचे स्वतंत्र मानक म्हणूनही लागू केली.

कारखानदारांचे म्हणणे असे की अर्ध्या मिलिमीटरची मर्यादा मोजमापाच्या गोंधळाला टेकलेली आहे. मर्यादा जितकी बारीक, तितके खोटे दिवे जास्त. आणि खोट्या दिव्याला सरावलेला मालक खऱ्या दिव्याकडेही दुर्लक्ष करतो. २५ गॅलनपेक्षा मोठ्या टाक्यांसाठी सवलत ठेवावी लागली, यावरून त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे नियामकांनीही एका अर्थी मान्य केले.

मेकॅनिक मंडळी आणखी एक मुद्दा काढतात आणि तो या साऱ्या चर्चेत सर्वात विचार करण्याजोगा आहे. टाकीच्या माथ्यावरच्या छिद्रातून कच्ची वाफ थेट बाहेर जाते. कॅनिस्टर आणि व्हेंट यांच्यामधल्या नळीला तेवढेच छिद्र असेल तर तिथून निघणारी हवा कोळशातून गाळूनच आलेली असते. नुकसान जवळजवळ शून्य. तरी कोड एकच, दिवा एकच, बिलही तेवढेच. याउलट कोळसा पेट्रोलने भिजून निकामी झालेला असेल आणि यंत्रणा कुठेही गळत नसेल, तर वाफ राजरोस व्हेंटमधून बाहेर पडते आणि गळतीची चाचणी उत्तीर्ण होते.

कॅलिफोर्नियाने व्यवहारात मधला मार्ग काढला. तिथल्या तपासणीत २००० नंतरच्या पेट्रोल गाडीने सगळ्या आत्मचाचण्या पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. अपवाद एकाच चाचणीला, वाफेच्या. तापमान, टाकीची पातळी, रात्रभराचा विसावा या अटी जुळून येईपर्यंत मालकाला ताटकळत ठेवणे अन्यायाचे ठरले असते. ओबीडी-२ च्या सक्तीआधीच्या, १९७६ ते १९९५ च्या गाड्यांसाठी मात्र डिसेंबर २००७ पासून केंद्रावरच कमी दाबाची गळती-चाचणी सक्तीची केली गेली. ज्या राज्याने सर्वात कडक नियम लिहिला, त्यानेच तो राबवताना सूट दिली.

अमेरिकेबाहेर

युरोपने ही वाट धरलीच नाही. तिथल्या ओबीडीत पर्ज व्हॉल्व्हची वीजजोडणी शाबूत आहे की नाही एवढेच पाहणे किमान आवश्यक आहे. टाकीला बोटभर भोक पडले तरी दिवा लागेलच असे नाही. युरोपीय नियामकांनी भर दिला तो नव्या गाडीच्या शेड-चाचणीवर. युरो-६ च्या पुढच्या टप्प्यात ती २४ तासांऐवजी ४८ तासांची झाली. चीनने २०२० पासून लागू झालेल्या चीन-६ मानकांत अमेरिकेचा धडा गिरवला: शेडची मर्यादा ०.७ ग्रॅम, आणि पेट्रोल भरताना निघणारी वाफही गाडीतच पकडण्याची सक्ती.

भारताने मानके घेतली ती युरोपची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आले, धुराड्यातल्या प्रदूषकांवरचे बंधन बरेच आवळले गेले, पण मोटारींसाठी वाफेची मर्यादा दोन ग्रॅमच राहिली आणि ओबीडीने छिद्र शोधण्याची अटही आली नाही. ज्या युरोपीय चाचणीवरून आपली चाचणी बेतली आहे, तिच्यात दिवसभराचे तापमान २० ते ३५ अंशांत फिरवले जाते. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपुरात सावलीतला पारा ४५ च्या वर जातो.

यावर अमेरिकी पद्धत जशीच्या तशी आणावी, हे उत्तर वाटते तितके सोपे नाही. बाहेर ३० अंशांच्या आत तापमान असताना थंड इंजिनावर होणारी पोकळीची चाचणी विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत क्वचितच सुरू होईल. निवणाऱ्या टाकीवर विसंबणारी तऱ्हाही तिथल्या तापलेल्या रात्रींत अडखळेल. आपल्या हवामानाला पंपाची तऱ्हा मानवेल, पण स्वस्त मोटारींच्या बाजारात तिचा खर्च कोण सोसणार? शिवाय देशातले बरेच पेट्रोल दुचाकी पितात, आणि त्यांच्या छोट्या टाक्या दिवसभर उन्हात असतात. दुचाकींना आता कॅनिस्टर आले आहेत. ते उन्हापावसात किती वर्षे तग धरतात, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

पेट्रोल पंपांवर वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बसवण्याचे आदेश राष्ट्रीय हरित लवाद आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आले आहेत. पण त्याच पंपांवर रोज घडणारी एक गोष्ट वाफ आवरण्याच्या विरोधात जाते. नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर’ करण्यासाठी आणखी थोडे पेट्रोल घातले जाते. टाकीत वाफेसाठी राखलेली जागा त्याने भरते, पातळ पेट्रोल कॅनिस्टरकडे जाऊ शकते, आणि एकदा भिजलेला कोळसा पूर्ववत होईलच याची खात्री नसते. ‘टाकी फुल’ म्हणजे नोझल थांबले तिथे फुल, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते.

पुढे उभे राहिलेले प्रश्न

इथेनॉलने जुन्या गणितात नवा आकडा घातला आहे. २०२५ पर्यंत भारतात वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल सर्वत्र पोचले. इथेनॉल मिसळले की पेट्रोलच्या वाफेचा दाब वाढू शकतो, पण त्याहून अवघड गोष्ट झिरपण्याची. रबर आणि प्लास्टिकच्या भिंतींतून इंधनाचे रेणू छिद्र नसतानाही पाझरतात, आणि इथेनॉल हा पाझर वाढवते. कॅलिफोर्नियातल्या दहा गाड्यांच्या इंधनयंत्रणा वेगळ्या काढून केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असलेल्या पेट्रोलने हा पाझर सरासरी दिवसाला एका ग्रॅमहून अधिक वाढल्याचे दिसले. कोणत्याही दाबाच्या चाचणीला तो कळत नाही, कोणत्याही धुराने तो दिसत नाही. टाकीच्या भिंतीत अनेक थर घालणे आणि नळ्यांचे साहित्य बदलणे हाच त्यावरचा इलाज आहे, आणि तो नव्या गाड्यांपुरताच.

चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड गाड्यांत प्रश्न उलटा होतो. इंजिन आठवडेच्या आठवडे सुरूच झाले नाही तर कोळसा रिकामा कोण करणार? म्हणून अशा गाड्यांत जाड, दाब सोसणारी, खरोखर बंद टाकी असते. शेव्हरोलेच्या व्होल्ट गाडीत पेट्रोल भरण्याआधी बटण दाबून टाकीतला दाब उतरेपर्यंत थांबावे लागे. टाकी एरवी बंदच असल्याने तिच्यातला दाब टिकून आहे यावरूनच ती धड असल्याचे कळते, आणि तीस वर्षे अवघड राहिलेली चाचणी या गाड्यांत सोपी होते. उरतो तो प्रश्न झाकण उघडण्याच्या क्षणाचा, कारण साठलेली सगळी वाफ तेव्हाच एकदम कॅनिस्टरवर येते.

आपल्याकडे पीयूसी केंद्रावर आजही नळी धुराड्यातच घातली जाते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजून प्रमाणपत्र मिळते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आपल्या तपासणीत वर्षानुवर्षे एक साधी गोष्ट केली होती: टाकीचे झाकण काढून ते छोट्या उपकरणावर बसवायचे आणि दाब धरते का ते पाहायचे. तिला संगणक लागत नाही आणि शेडची खोलीही लागत नाही. ती मे महिन्यातल्या नागपुरातही होते आणि वेळ लागतो मिनिटभराचा.